तार, माणूस, वर

प्रिय भिंगऱ्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकला असशील, तर आधी एक घोट पाणी पी. इकडे सगळे ठणठणीत आहेत. रोज संध्याकाळी फोनवर बोलणं होतं, तरी ही बाई इतकी पानं खरडत का बसली, असं तुला वाटणार. त्याला कारणं आहेत. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. विषय जरा नाजूक झाला की तुला लगेच औषधाची वेळ आठवते. शिवाय महत्त्वाची गोष्ट दुसऱ्याच्या कानात बोलण्यावरून माझा विश्वास उडालाय. आणि तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अडीच महिने पडून आहे. ते शेवटी देते. तोवर पाठीशी उशी घे आणि सावकाश वाच.

परवा तू वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत गेलास, परत आलास, आणि पलंगाशी पोचल्यावर नर्सला विचारलंस की उतरायला परवानगी आहे का. तुझ्या बायकोने हे सांगितलं तेव्हा मी पोटभर हसले आणि मग उगाचच तोंड धुऊन आले. तुझे विनोद पहिल्याइतकेच पांचट आहेत, म्हणजे डोक्याला लागलेला मार फारसा मनावर घ्यायला नको. छोटी माझ्याकडे मजेत आहे. शाळेत 'माझे बाबा' असं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने शेत काढलं, शेतात नाकावर पडलेलं हेलिकॉप्टर काढलं, आणि शेजारी तुला हसत उभा केला. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, मुलीच्या मनावर काही परिणाम झालाय का. मी म्हटलं, परिणाम कसला, तिने बातमी दिलीये. फक्त बाबाला उभं राहायला अजून थोडे दिवस लागतील. तुझे भावोजी चालवतात त्या शाळेच्या बसमध्ये ते तिला अगदी पुढे बसवतात आणि ती प्रत्येक वळणावर डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं, असं ओरडून सांगते. घराण्याचं रक्त कुठे जातंय.

आता शेडची खबर. आपलं मशीन मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली आहे, शेपटी वेगळी, धड वेगळं. मिस्त्री रोज सकाळी ताडपत्रीचं एक टोक उचलून आत बघतात आणि पुन्हा झाकतात. फवारणीचा हंगाम थांबत नाही म्हणून कॅप्टनकाकांनी भाड्याचं मशीन आणलंय आणि त्याच्याबरोबर एक पायलट. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. तरणाताठा आहे, हात चांगला आहे, ट्रकच्या छतावर अलगद उतरतो. पण पहिल्या दिवशी तारा म्हणायला तयार नव्हता. त्याला मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे शेत कितीही ओळखीचं असो, आधी चारी बाजूंनी पायी फिरायचं, दिसेल ती तार कागदावर लाल पेन्सिलीने काढायची, आणि उडण्याआधी मशीनमध्ये फवारणीचं औषध भरायला नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला त्या सगळ्या तारा मोठ्याने म्हणून दाखवायच्या. त्याला तो पोरखेळ वाटला. म्हणाला, नकाशा आहे की माझ्यासमोर. मी नळी हातात धरली आणि व्हॉल्व्ह उघडलाच नाही. वर पाती फिरतायत, इंधन जळतंय, तो काचेतून खुणा करतोय आणि मी ढिम्म. शेवटी म्हटल्या बिचाऱ्याने. आता रोज न सांगता म्हणतो, आणि शेवटची तार म्हणून झाली की माझ्याकडे असं बघतो की मी त्याची वही तपासणार आहे.

त्यानेच मला ट्रकच्या दाराबद्दल विचारलं. दाराच्या आतल्या अंगाला कॅप्टनकाकांनी पिवळ्या रंगाने लिहिलेले तीन शब्द: तार, माणूस, वर. मशीन शेतावर खाली असताना, म्हणजे झाडांच्या उंचीच्याही खाली असताना, जमिनीवरच्या माणसाने वायरलेसवर एवढंच बोलायचं. तार समोर आली तर तार, शेतात कोणी शिरलं तर माणूस, आणि कारण सांगायला वेळ नसेल तर वर, म्हणजे काही न विचारता मशीन वर घे. चौथा शब्द नाही. पाहुण्याने गमतीने विचारलं, आणि चहा उकळला तर? पूर्वीची मी असते तर त्याला असं सडेतोड उत्तर दिलं असतं की चहाचं नाव काढायला तो घाबरला असता. या वेळी मी नुसतीच टाकीकडे गेले.

पण मला सांगायचंय ते तुझ्या जबाबाबद्दल. त्याची प्रत शेडमध्ये आली त्या दिवसाविषयी मी तुला नीट काही सांगितलेलंच नाही. तू शुद्धीवर येऊन बोलायला लागायच्या आधीच विम्याचा माणूस येऊन गेला होता. बूट इतके चकचकीत की आमच्या चिखलात पाय टाकताना त्याचा जीव खालीवर होत होता. तुला मदत करायला तो अगदी उतावीळ होता. वाऱ्याचा अचानक झोत आला असेल का? इंजिनाने ऐन वेळी दगा दिला असेल का? आणि ती पंपाकडे जाणारी तार, ती यंदाच ओढलेली, ढिली, तिचं काय? तिन्ही उत्तरं धुऊन, इस्त्री करून ठेवलेली होती, तू फक्त अंगात चढवायची होतीस. शेतकरी तारेकडे बघून घाम पुसत होता. मिस्त्री इंजिनाचं नाव निघालं तसे पांढरेफटक पडले. आपण आदल्याच दिवशी सगळं उघडून बघितलं होतं, हे ते ज्याला त्याला सांगत होते आणि त्यांचा स्वतःचाच त्यावरचा विश्वास उडत चालला होता.

मग जबाब आला. कॅप्टनकाकांनी ट्रकला टेकून तो मोठ्याने वाचला. मला तो पाठ आहे. वारा शांत होता. इंजिन व्यवस्थित होतं. तार मला माहीत होती आणि उडण्याआधी मी ती म्हणून दाखवली होती. वळताना माझं लक्ष समोर नव्हतं. चूक माझी आहे. पाच वाक्यं, भिंगऱ्या. लहानपणी फुटलेल्या कपबशीबद्दल तू पाच पानं खोटं बोलायचास. कॅप्टनकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "तीस वर्षं या धंद्यात आहे, असा जबाब वाचला नाही. मीही दिला नव्हता." कधी, कोणत्या वेळी, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मिस्त्री बाहेर नळापाशी गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर त्यांनी हत्यारांच्या पेटीतले सगळे पाने खाली काढले होते आणि एकेक धुऊन फडक्यावर ओळीने मांडत होते. मला म्हणाले, "ताई, त्याने माझं नावसुद्धा घेतलं नाही आणि मला सोडवलं." मी मान हलवली. त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली होती की मी हातमोजे न घालताच औषधाचा डबा उघडायला निघाले होते.

मला बाबा आठवले. तुला आठवतंय का, मशीनमध्ये वाट दाखवणारे पडदे-बिडदे यायच्या आधीचे दिवस? बाबा शेताच्या टोकाला पांढरं निशाण धरून उभे राहायचे आणि पायलट त्या निशाणावर नाक धरून सरळ यायचा. मशीन डोक्यावरून गेलं की बाबा अठरा पावलं बाजूला जाऊन पुन्हा उभे. तू बांधावर हात पसरून गरागरा फिरायचास आणि धपकन पडायचास; भिंगऱ्या हे नाव तुला तिथेच पडलं. एकदा बाबांची पावलं चुकली. अठराच्या जागी बावीस झाली असावीत. कोणाला कळलं नाही. पंधरा दिवसांनी शेताच्या मधोमध करपलेला एक पट्टा दिसायला लागला आणि शेतकरी पायलटला शिव्या घालायला लागला. बाबा आपल्या दोघांना घेऊन त्याच्याकडे गेले, पट्ट्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा पट्टा माझा." बस, एवढंच. येताना वाटेत चालत होते अगदी ताठ. मी बारा वर्षांची होते आणि तू सहा. मला वाटायचं तू ते विसरलास. कॅप्टनकाका जबाब वाचत होते तेव्हा मला कळलं की तू काहीच विसरलेला नाहीस.

तू पायलट झालास याचं श्रेय मी गावभर घेत फिरते आणि ते माझं आहेच. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की तुला झोप यायची. म्हणून मी वाचायची आणि तू फरशीवर डोळे मिटून पडायचास. हवेची घनता, पात्यांचा कोन, वजनाचं गणित, सगळं माझ्या तोंडून तुझ्या कानात गेलं. तू घोरायला लागलास की मी लाथ घालायची आणि तू न चुकता शेवटची ओळ म्हणून दाखवायचास. बावीस वर्षांपूर्वी तू पास झालास त्या दिवशी कॅप्टनकाका मला म्हणाले होते, अगं, अभ्यास तर तुझाही झाला, तूही बस. मी हसून सोडून दिलं. पण तू ते धरून ठेवलंस. दर वर्षी परीक्षेच्या जाहिराती आल्या की तुझं सुरू, ताई, या वर्षी बस. आणि दर वर्षी मी तुला उडवून लावायची की या वयात मला काय चळ लागलाय, मी आपली नळीवर बरी आहे. एकदा तू चिडून म्हणालास, तू घाबरतेस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, कारण ते खरं होतं.

तुझ्या जबाबात आणखी एक ओळ होती, जी कॅप्टनकाकांनी मोठ्याने वाचली नाही. ती मी नंतर वाचली. अपघाताची चौकशी करणाऱ्या बाईंनी तुला तीन वेळा विचारलं होतं, लक्ष समोर नव्हतं तर कुठे होतं? आणि तू तिन्ही वेळा एकच उत्तर दिलंस, सांगण्यासारखं काही नाही. त्यावर ज्याने त्याने आपापला तर्क लढवला. कॅप्टनकाकांना वाटलं, झोप झाली नसेल. मिस्त्रींना वाटलं, तू अजूनही त्यांनाच झाकतोयस. दोन रविवारांपूर्वी तुझी बायको छोटीला भेटायला आली होती. भांडी घासता घासता तिचा हात थांबला. म्हणाली, ताई, त्या दिवशी सकाळी आम्ही भांडलो होतो, छोटीचे शाळेचे बूट आणायचे तुम्हीच विसरलात म्हणून मी त्यांना वाट्टेल ते बोलले, ते तेच डोक्यात घेऊन गेले असणार. अडीच महिने ती बाई तुझ्या उशाशी बसून, तुला भरवत, मनात हे घेऊन बसली होती. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि उगाच पुन्हा पुन्हा घासत राहिले.

त्याच आठवड्यात कॅप्टनकाका चौकशीच्या कचेरीतून आले ते उतरलेला चेहरा घेऊन. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, की जबाब प्रामाणिक आहे, पण आपलं लक्ष का ढळलं हे ज्या पायलटला सांगता येत नाही, त्याचं उद्या पुन्हा ढळणार नाही असं मी कोणत्या आधारावर लिहू? मला लायसन्स कायमचं रद्द करावं लागेल. कॅप्टनकाका चरफडत होते. सांगून टाकायला काय होतं या गाढवाला, म्हणत होते. मी टाकीवर चढून आत बघत उभी होते, कारण मला खाली तोंड दाखवायचं नव्हतं.

तू का सांगत नव्हतास हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. आणि आपण दोघांनी ते एकमेकांपाशीही कधी काढलं नाही. म्हणून आज त्या सकाळबद्दल मी लिहिते, आणि तू मध्ये औषधाची वेळ काढू नकोस. नदीकडचं बटाट्याचं शेत. वारा पडलेला. तू तारा म्हटल्यास, पूर्वेला रस्त्याच्या कडेने दोन, उत्तरेला काही नाही, खालच्या कोपऱ्यात पंपाच्या खोलीकडे जाणारी एक, तिरकी, बारीक. मी त्या तुझ्याबरोबर मनात म्हटल्या. तिसरी टाकी भरून तू गेलास. समोरच्या काचेपाशी ठेवलेला माझा फोन थरथरला आणि मी हातमोजा काढला. परीक्षेचा निकाल होता. हो, मी बसले होते. तू 'घाबरतेस' म्हणाला होतास ते मनाला लागलं होतं. वर्षभर तीच जुनी पुस्तकं काढून मी पहाटे वाचत होते, भावोजींखेरीज कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि निकाल आला की पहिल्यांदा तुलाच सांगायचं असं ठरवलं होतं. तू उतरायला चार मिनिटं होती. बावीस वर्षं मी थांबले होते, आणि ती चार मिनिटं मला थांबता आलं नाही. दारावरचे तीन शब्द माझ्या नाकासमोर होते. मी बटण दाबलं आणि म्हणाले, भिंगऱ्या, मी पास झाले, पायलटची परीक्षा, मी पास झाले.

तू वळत होतास. तुझं डोकं ट्रककडे फिरलेलं मला दिसलं. काचेआड तुझा हात वर गेला तोही दिसला. आणि तुझ्या पुढे ती तार दिसली. मला तार म्हणायचं होतं, पण माझं दुसरं वाक्य अजून तोंडातच होतं, आणि तो एवढासा शब्द बाहेर येईपर्यंत मशीनचा पाय तारेत अडकला होता. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मी सऱ्यांमधून पळाले, दोनदा पडले. मी आधी इंधन बंद केलं, कारण तेच आधी करायचं असतं. तू सीटच्या पट्ट्यात लोंबकळत होतास, कपाळावरून रक्त, पाय भलत्याच दिशेला. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि एकच शब्द विचारलास. "खरंच?" मी म्हटलं, बोलू नकोस. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात तू माझी नजर टाळायचास तेव्हा मला आधी वाटलं, तू माझ्यावर रागावलायस. जबाब वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. वायरलेसवर चौथा शब्द बोलणाऱ्या बाईला कोण मशीन हातात देईल? माझा निकाल हातात यायच्या आत हातातून जाऊ नये म्हणून तू आपलं लायसन्स पणाला लावलंस. तुझ्या त्या पाच वाक्यांचा मला जितका अभिमान वाटला, तितकाच त्या सहाव्या ओळीचा राग आला, आणि खरं सांगायचं तर काही दिवस मी त्या ओळीच्या आडोशाला सुखाने बसलेही. निकालाचा कागद उशीखाली ठेवून झोपत होते. ते कबूल करायलाच हवं. तुझ्या बायकोने भांडी घासता घासता ते सांगितलं, तेव्हा मात्र आडोसा संपला.

मागच्या गुरुवारी मी बस धरून कचेरीत गेले. तिसरा मजला, लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेली बाकं, त्यातल्या एकाचा पाय आखूड. चौकशीच्या बाई माझ्याच वयाच्या. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी एक जुना, घासून गुळगुळीत झालेला बेअरिंग ठेवला होता. मी बसायच्या आधीच म्हणाले, हा पट्टा माझा. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मग मी सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावाला वाचवायला तर सांगत नाही ना?" मी फोन पुढे केला. निकालाचा निरोप नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेला. त्यांनी फाइल उघडली. आपल्या मशीनचं घड्याळ नऊ वाजून तीन मिनिटांवर थांबलेलं. त्यांनी दोन्ही आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग त्यांनी मला विचारलं की याचा तुमच्या निकालावर काय परिणाम होईल, याची कल्पना आहे ना. मी म्हटलं, ती नसती तर मी अडीच महिन्यांपूर्वीच आले असते. मग मी सही केली. खाली उतरताना जिन्यात मला एकदम कळलं, की बाबा त्या दिवशी इतके ताठ का चालत होते.

तुझ्या बायकोला मी रविवारी सांगितलं, की बुटांचा यात काडीचाही संबंध नाही. तिने तुला एक शिवी दिली, मला एक दिली आणि चहा मागितला. पत्र पोचेपर्यंत तुझ्यापाशी तोंड उघडायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली आहे. तिने ती पाळली असेल तर तिचंही कौतुक कर. कॅप्टनकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिवळा रंग आणला आणि दारावरचे तिन्ही शब्द पुन्हा गिरवले, पहिल्यापेक्षा जाड. नळी माझ्याकडेच ठेवलीये. वायरलेस मात्र हंगाम संपेपर्यंत मिस्त्रींच्या हातात, आणि ते तो असा धरतात की आत विंचू बसलाय.

आता हे पत्र का लिहिलं ते. सोमवारी अहवाल तुझ्या हातात पडेल आणि त्यात तुझ्या चुकीच्या आधी माझी चूक छापलेली असेल. ती तुला सरकारी कागदावरून कळावी, हे मला नको होतं. तुझं लायसन्स रद्द होणार नाही. तू धड चालायला लागलास की परीक्षकाला शेजारी बसवून एकदा उडून दाखवायचं, एवढंच. माझा निकाल त्यांनी वर्षभर रोखून ठेवलाय आणि वर्ष झाल्यावर मला सगळे पेपर नव्याने द्यायचे आहेत. तू चिडशील, आदळआपट करशील, अहवालाला उत्तर लिहायला बसशील. तसलं काही करू नकोस. तू माझ्यासाठी जे करत होतास ते मी उभ्या जन्मात विसरणार नाही, पण पट्टा ज्याचा त्यानेच त्यात उभं राहायचं असतं, आणि तू मला त्यातून बाहेर ढकलत होतास. तुझा मला अभिमान आहे, आणि त्या जिन्यात पहिल्यांदाच मला माझाही वाटला. घरी आलास की तुला तसंही दोन-तीन महिने बसूनच काढायचे आहेत. पुस्तकं मी खाली काढून, पुसून ठेवली आहेत. या वेळी तू वाच, मी फरशीवर डोळे मिटून पडते. घोरायला लागले तर वॉकरचं टोक लाव. आणि तुझा तो प्रश्न. आता तू जमिनीवर आहेस, पाती थांबलेली आहेत, आसपास कुठे तार नाही, म्हणून सांगते. हो, भिंगऱ्या. खरंच.

तुझीच,
नळीवरची ताई